जुना कर्नल कधी काढायचा आणि कुठला ठेवायचा?

कळफलक

लिनक्स डेस्कटॉपवर अपडेटनंतर काही बिघडलं, पडदा काळा राहिला, आवाज गेला, लॅपटॉप झोपेतून उठेनासा झाला, की पहिला सल्ला ठरलेला असतो: जुन्या कर्नलवर (कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांना जोडणारा प्रणालीचा गाभा) बूट करून बघा. सल्ला योग्यच आहे. अडचण अशी की ज्याला तो मिळतो त्याच्याकडे बरेचदा जुना कर्नल उरलेलाच नसतो, कारण ‘डिस्कवर जागा कशी करावी’ अशा कुठल्याशा यादीत वाचून त्याने तो काढून टाकलेला असतो. दुसऱ्या टोकाला डझनभर कर्नल साठवून बसलेली मंडळी आहेत आणि त्यांचं अपडेटच एक दिवस अडकून पडतं. यावर एकदा सविस्तर बोलू या म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधी मांडतो. मशीनवर कायम किमान दोन कर्नल हवेत: एक सध्याचा आणि एक ज्यावर तुमचं सगळं काम प्रत्यक्ष चाललेलं आहे. हा दुसरा निवडताना ‘आत्ताच्या लगेच आधीचा’ एवढं पाहून भागत नाही. सस्पेंड, वायफाय, ब्लूटूथ, बाहेरचा मॉनिटर, प्रिंटर, जे जे तुम्ही रोज वापरता ते ज्यावर वापरून झालं आहे तोच खरा राखीव कर्नल. कालच आलेला आणि एकदाही बूट न केलेला कर्नल राखीव म्हणून काही कामाचा नाही.

आता थोडी पार्श्वभूमी. डेबियन, उबंटू, मिंट या कुळात बाकीची पॅकेजं जुन्याची जागा घेतात, कर्नल मात्र शेजारी येऊन बसतो. याचं कारण साधं आहे: आवृत्तीचा आकडा पॅकेजच्या नावातच असतो. ‘लिनक्स-इमेज-६.८.०-४५-जेनेरिक’ आणि ‘लिनक्स-इमेज-६.८.०-४७-जेनेरिक’ ही ॲप्टच्या, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या यंत्रणेच्या, दृष्टीने दोन वेगळी पॅकेजं आहेत. नव्याला ओढून आणायचं काम ‘लिनक्स-जेनेरिक’सारखं मेटापॅकेज करतं. त्यात स्वतःचं असं काही नसतं, ते फक्त सध्याच्या ताज्या कर्नलकडे बोट दाखवतं. साफसफाईच्या भरात हे मेटापॅकेज निघून गेलं तर कुठलीही चूक दिसत नाही, मशीन छान चालत राहतं, पण त्या दिवसापासून नवा कर्नल येणं बंद होतं. म्हणून काढताना नावात आकडे असलेलं पॅकेजच काढा.

चालू कर्नलचं नाव सांगणारी ‘युनेम -आर’ ही आज्ञा दिल्यावर दिसणाऱ्या आकड्यांचाही उलगडा करतो. ६.८.०-४५-जेनेरिक यात ६.८ ही मूळ कर्नलची मालिका. त्यापुढचं शून्य उबंटूत कायम शून्यच राहतं, त्यावरून ‘एकही दुरुस्ती आलेली नाही’ असा अर्थ काढू नका. ४५ हा उबंटूचा स्वतःचा क्रमांक, दुरुस्त्या आल्या की तो वाढतो. मूळ प्रकल्पातल्या कुठल्या दुरुस्तीपर्यंत तुमचा कर्नल पोहोचला आहे हे ‘/प्रॉक/व्हर्जन_सिग्नेचर’ या फाइलमध्ये दिसतं.

मूळ प्रकल्पाचा वेग नऊ-दहा आठवड्यांना एक नवी मालिका असा आहे. पहिले दोन आठवडे नवा कोड आत घेतात, मग दर रविवारच्या आसपास एकेक चाचणी आवृत्ती निघते, साधारण सात किंवा आठ, आणि मग अंतिम. यातल्या काहीच मालिका दीर्घकाळ सांभाळल्या जातात, त्यांना एलटीएस म्हणतात, उदाहरणार्थ ५.१०, ५.१५, ६.१, ६.६, ६.१२. बाकीच्या पुढची मालिका आल्यावर लवकरच बंद होतात. २०२३ मध्ये असं ठरलं की यापुढच्या एलटीएस मालिकांना सहा वर्षांऐवजी दोन वर्षांचा आधार मिळेल, गरज पडली तर काहींची मुदत वाढते. बाकी ५ चा ६ झाला म्हणजे फार मोठा बदल झाला असं काही नसतं. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स दुसरा आकडा फार वाढला की पहिला पुढे सरकवतात, एवढंच. ३.० आला २०११ मध्ये, ४.० २०१५ मध्ये, ५.० २०१९ मध्ये, ६.० २०२२ मध्ये.

तुम्ही किती कर्नल ठेवता, आणि का, ते लिहा.

नवशिका

धागा अगदी वेळेवर आला. माझ्याकडे उबंटूच्या कुळातली प्रणाली आहे, बसवताना पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली होती. आता अपडेट मध्येच थांबतं, ‘/बूट’मध्ये जागा नाही म्हणतं. मूळ डिस्क तर निम्म्याहून जास्त मोकळी आहे. नको असलेली पॅकेजं काढणारं ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ दिलं तर तेही अडतं, आधी अर्धवट पॅकेजं पूर्ण करा म्हणतं. अजून मशीन बंद केलेलं नाही. करू का?

दीपस्तंभ

नवशिका, अजिबात रीस्टार्ट करू नका. मशीन चालू आहे तोवर सगळं हातात आहे. खाली लिहितोय ते सावकाश वाचा.

डिस्क मोकळी असून जागा नाही असं का दिसतं? पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली की इन्स्टॉलर ‘/बूट’साठी वेगळं, छोटं, कुलूप नसलेलं विभाजन करतो, कारण पासवर्ड विचारण्याआधी बूटलोडरला (मशीन सुरू होताना कर्नल उचलणाऱ्या प्रोग्रामला, इथे तो ग्रब) कर्नल कुठून तरी वाचावा लागतो. जुन्या इन्स्टॉलरांनी ते बरंच लहान ठेवलेलं असतं. प्रत्येक कर्नल तिथे मुख्यतः दोन फाइली टाकतो: व्हीएमलिनक्झ म्हणजे खुद्द कर्नल, आणि इनिटआरडी म्हणजे सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांचं गाठोडं. खरी जागा खाते ती इनिटआरडी, आणि ग्राफिक्सचं फर्मवेअर वाढत गेलं तशी तीही वाढत गेली. त्यामुळे काही वर्षांपूर्वी जिथे चार-पाच कर्नल मावत होते तिथे आज तीन मावले तरी पुष्कळ.

आता रीस्टार्ट का नको ते. नवा कर्नल बसताना आधी व्हीएमलिनक्झ उतरते, मग इनिटआरडी तयार होते. जागा संपते ती या दुसऱ्या पायरीवर. म्हणजे नवा कर्नल आहे, पण त्याची इनिटआरडी नाही किंवा अर्धीच आहे. अशात ग्रबची यादी नव्याने बनली असेल तर सर्वांत मोठा आकडा म्हणून तो हाच कर्नल उचलतो आणि पडद्यावर कर्नल पॅनिक येतं: मूळ फाइलप्रणाली माउंट करता आली नाही, ‘अननोन-ब्लॉक(०,०)’. हा संदेश पाहून लोक डिस्क गेली असं समजतात आणि पुन्हा इन्स्टॉल करायला घेतात. डिस्क ठणठणीत असते, फक्त इनिटआरडी नसते. ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडला की मशीन उठतं.

तुमच्यासाठी क्रम असा:

पहिलं, ‘युनेम -आर’ देऊन चालू कर्नल कागदावर लिहून घ्या. त्याला हात लावायचा नाही.

मग ‘डीपीकेजी -एल’ची, म्हणजे पॅकेजांची, यादी लिनक्स-इमेज या नावावर गाळून बघा. ओळीच्या सुरुवातीला ‘आयआय’ असेल तर पॅकेज बसलेलं आहे. ‘आरसी’ असेल तर ते आधीच निघालं आहे, मागे फक्त किरकोळ सेटिंग उरली आहे आणि ‘/बूट’मध्ये ते जागा घेत नाही. त्या ओळी पाहून घाबरू नका.

‘आयआय’मधला सर्वांत जुना निवडा. ॲप्ट अडलेलं असताना थेट ‘सुडो डीपीकेजी --पर्ज’ द्या आणि त्याच आवृत्तीचं लिनक्स-इमेज आणि लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा ही दोन्ही नावं एकाच आज्ञेत लिहा. एकटं इमेज काढायला गेलात तर एक्स्ट्रा त्याच्यावर अवलंबून असल्याने नकार मिळतो. पॅकेज निघालं की त्याची इनिटआरडीही आपोआप जाते.

जागा झाली की ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. अर्धवट राहिलेली इनिटआरडी यातच पूर्ण व्हायला हवी, तरी खात्रीसाठी ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल’ आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या. शेवटी ‘/बूट’मध्ये डोकावून बघा: प्रत्येक व्हीएमलिनक्झला त्याच आकड्याची इनिटआरडी जोडीला आहे ना? असेल तर खुशाल रीस्टार्ट करा.

एक विनंती. ‘/बूट’मधल्या फाइली हाताने पुसायचा मोह टाळा. पॅकेज यंत्रणेला ते कळत नाही, ती पुढच्या वेळी तीच इनिटआरडी पुन्हा बनवते आणि तुम्ही परत त्याच जागी येता.

नवशिका

झालं! दोन जुने काढले, सगळ्या जोड्या जुळल्या, रीस्टार्टही नीट झाला. खूप आभार. तुम्ही सांगितलं नसतं तर मी बटण दाबून मोकळा झालो असतो. ऑटोरिमूव्ह वेळच्या वेळी चालवलं असतं तर हे झालंच नसतं का?

दीपस्तंभ

बहुतेक नसतं झालं. ऑटोरिमूव्ह चालू असलेला कर्नल आणि सर्वांत ताजे कर्नल राखून बाकीचे काढतं. पण त्यातही कळफलक यांचा मुद्दा लक्षात ठेवा: तुमचा खात्रीचा कर्नल ताज्या दोनांत नसेल तर तो जाईल. तो वाचवायचा तर ‘सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ देऊन त्या कर्नलचं नाव द्या. आपण स्वतः मागून बसवलेल्या पॅकेजांना ऑटोरिमूव्ह हात लावत नाही. मिंटवर हेच काम अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूतल्या ‘लिनक्स कर्नल्स’ खिडकीत करता येतं. कुठल्या कर्नलचा आधार कधी संपतो हेही तिथे दिसतं. मला ती खिडकी फार आवडते, नव्या माणसाला टर्मिनलशिवाय खरी माहिती देणारी अशी सोय फार ठिकाणी नाही.

रानवाट

मी वेगळं मत मांडतो. मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो. मशीन एकदा जमलं की मी मेटापॅकेजवर ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ लावतो, म्हणजे ते अपडेट होऊ देत नाही, आणि विषय संपवतो. माझ्या ऑडिओ कार्डाचा ड्रायव्हर आज चालतोय, उद्या चालेल याची हमी मला कुणी देत नाही. बिघाडही काही कल्पनेतले नाहीत. सप्टेंबर २०२२ च्या शेवटी ५.१९.१२ आला आणि इंटेल ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर पडदे लुकलुकायला लागले. पडद्याला इजा होऊ शकते म्हणून तो कर्नल वापरू नका असं खुद्द विकासकांना सांगावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ मधून ईएक्सटी४ फाइलप्रणालीवर डेटा खराब होण्याची शक्यता निर्माण झाली. तेव्हा तर ६.१ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी, शांत मालिका मानली जात होती. सगळ्यांत स्थिर म्हणून डेबियन घेतलेल्यांनाही त्याची झळ बसली. मग मी का धावू?

कळफलक

रानवाट, तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं खरी आहेत. पण ती पुढे कुठे गेली तेही बघा. ५.१९.१३ मध्ये तो बदल मागे घेतला गेला. ईएक्सटी४ च्या वेळी डेबियनने १२.३ चं प्रकाशन थांबवलं आणि १० डिसेंबर २०२३ ला दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ आणलं. त्या दिवसांत ६.१.६४ वर असलेला माणूस ‘मी होल्ड लावलाय’ म्हणून बसला असता तर तो नेमका सदोष कर्नलवर अडकला असता. होल्ड चांगला कर्नल जसा गोठवतो तसाच वाईटही गोठवतो.

दुसरी बाजू सुरक्षेची. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेला डर्टी पाइप आठवा, सीव्हीई-२०२२-०८४७. ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये असा दोष होता की साधा वापरकर्तासुद्धा फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलीत लिहू शकत होता, आणि तिथून रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होणं अवघड नव्हतं. दुरुस्ती ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये आली. म्हणजे मालिका न बदलता, फक्त शेवटचा आकडा पुढे नेऊन माणूस सुरक्षित झाला. ज्याने त्याच सुमाराला होल्ड लावून पाठ फिरवली असेल त्याच्याकडे तो दोष आजही आहे.

मला वाटतं, गल्लत इथेच होते. ‘नवी मालिका’ आणि ‘त्याच मालिकेतली दुरुस्ती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६.८ वरून ६.१४ वर जाणं तुम्ही खुशाल टाळा, त्यात हजारो बदल असतात. पण ६.८.०-४५ वरून ४७ वर जाणं टाळू नका. ऑडिओच्या कामासाठी स्थिरता हवी तर मालिका पकडून ठेवा, आकडा नको.

रानवाट

मालिका आणि आकडा यांतला फरक पटला. डर्टी पाइपच्या वेळी आपलं मशीन कुठल्या आकड्यावर होतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तरी कामाच्या मध्यावर मी अपडेट घेणार नाही, हे कायम. होल्ड काम संपेपर्यंत, नंतर काढायचा, असं करतो.

दीपस्तंभ

तसा होल्ड अगदी रास्त आहे. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ दिलं की कशाकशावर होल्ड आहे ते दिसतं. लावून विसरायला होतं, म्हणून अधूनमधून बघत जा.

पिंपळपान

फेडोराबद्दल लिहितो, तिथलं गणित वेगळं आहे. डीएनएफच्या, म्हणजे तिथल्या पॅकेज यंत्रणेच्या, सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉलओन्ली_लिमिट’ असतं आणि ते ३ असतं. चौथा कर्नल आला की सर्वांत जुना आपोआप जातो, त्यामुळे साचण्याचा प्रश्न नाही. पण फेडोरा एकाच प्रकाशनाच्या आयुष्यात नव्या नव्या मालिका घेत राहते, आणि कर्नल भराभर येतात. समजा एका अपडेटनंतर सस्पेंड बिघडलं आणि तुम्ही ‘पुढच्या वेळी सुधारेल’ म्हणत राहिलात, तर तीन अपडेटनंतर तिन्ही कर्नल बिघडलेलेच उरतात. चांगला कधीच गळून गेलेला असतो.

त्यावर उपाय म्हणजे दोष दिसला त्याच दिवशी चांगल्या कर्नलवर बूट करा. चालू असलेला कर्नल डीएनएफ काढत नाही. नेहमीसाठी तोच सुरू व्हावा म्हणून ‘ग्रबी --सेट-डीफॉल्ट’ देऊन त्याच्या व्हीएमलिनक्झचा पूर्ण पत्ता द्या. ‘/बूट’ मोठं असेल तर मर्यादा ५ करून ठेवा.

ओपनसुसेमध्ये हाच विचार जास्त नेटका मांडलेला आहे. तिथल्या ‘झिप’ (zypp) या पॅकेज यंत्रणेच्या सेटिंगमध्ये ‘लेटेस्ट, लेटेस्ट-१, रनिंग’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ताजा, त्याआधीचा आणि चालू असलेला. वाचता क्षणी कळतं.

उंबरझाड

आर्चवाल्यांची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. इथे कर्नल शेजारी बसत नाही, जुन्याच्या जागीच नवा येतो. परिणाम असा की अपडेट झाल्यावर, रीस्टार्ट करायच्या आधी, चालू कर्नलच्या मॉड्यूलांची (ड्रायव्हर वगैरे जोडभागांची) फोल्डरच गेलेली असते. मग पेनड्राइव्ह लावला तर दिसत नाही, व्हीपीएन सुरू होत नाही, आणि माणूस भलतीकडेच कारण शोधत बसतो. रीस्टार्ट केलं की सगळं जागेवर येतं. कर्नलचं अपडेट दिसलं की काम आवरून मगच ते घ्या.

राखीव कर्नल म्हणून ‘लिनक्स-एलटीएस’ हे पॅकेज मुख्य कर्नलच्या जोडीला बसवा. कळफलक म्हणतात तसा हा खरोखर वेगळ्या मालिकेतला राखीव असतो, त्यामुळे नव्या मालिकेत आलेला दोष त्यात सहसा नसतो. मात्र बूटलोडरच्या यादीत तो दिसतो आहे ना, हे बसवल्या दिवशीच बघा. सिस्टमडी-बूट हा बूटलोडर वापरत असाल तर त्याची नोंद हाताने करावी लागू शकते. मांजारोमध्ये मालिकांची पॅकेजं वेगवेगळी असतात आणि सेटिंगच्या खिडकीतून बसवता येतात. तिथे लक्ष ठेवायची गोष्ट एकच: मालिका बंद झाली की पुढच्या मालिकेवर तुम्हालाच जावं लागतं.

टर्मिनलवाट

ड्रायव्हरांबद्दल कुणीच बोललं नाही अजून. ‘नवा कर्नल आला आणि वायफाय गेलं’ यातल्या बऱ्याच तक्रारींत कर्नलचा दोष नसतो. ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरून आलेला असतो.

कर्नलचं बाहेरच्या प्रोग्रामांशी असलेलं नातं ते फार जपतात. जुना प्रोग्राम नव्या कर्नलवर चाललाच पाहिजे, असा टॉरव्हल्ड्स यांचा कडक दंडक आहे. पण कर्नलच्या आतली रचना कधीही बदलू शकते, तिथे कुठलंही वचन नाही. जो ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमध्येच आहे तो त्या बदलांबरोबर दुरुस्त होतो. बाहेरचा मागे राहतो. मग नव्या कर्नलसाठी डीकेएमएस (बाहेरचे ड्रायव्हर बांधून देणारी सोय) तो नव्याने बांधायला जातं आणि बांधणी फसते. बूट होतं, पण मॉड्यूल नसतं.

बघायचं कसं? ‘डीकेएमएस स्टेटस’ द्या. प्रत्येक मॉड्यूलपुढे कुठल्या कर्नलसाठी ते बसलं आहे ते दिसतं. नव्या कर्नलचं नाव तिथे नसेल तर आधी त्याच आवृत्तीची हेडर पॅकेजं (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली) आहेत का बघा. हेडर नसणं हे सर्वांत नेहमीचं कारण. ती असूनही फसलं तर बांधणीची नोंद ‘/व्हार/लिब/डीकेएमएस’मध्ये मेक.लॉग नावाने असते, तिचा शेवट वाचा.

सिक्युअर बूट (मान्य सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर आणखी एक पायरी येते. बांधलेल्या मॉड्यूलवर सही लागते आणि ती किल्ली मशीनवर मान्य म्हणून नोंदवावी लागते. रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ विचारतात. पुष्कळ जण तो पडदा घाईत ओलांडतात आणि मग ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चढत नाही. ‘मोकयुटिल --एसबी-स्टेट’ दिलं की सिक्युअर बूट चालू आहे का ते कळतं.

याच कारणाने उबंटूच्या मेनलाइन संग्रहातले कर्नल उचलून बसवताना जपा. ते चाचणीसाठी बांधलेले असतात, त्यांवर सही नसते, आणि सुरक्षा दुरुस्त्या आपोआप येत नाहीत. दोष मूळ कर्नलमध्ये सुटला आहे का हे बघायला ते उत्तम आहेत. रोजच्या वापराला नव्हेत.

नवशिका

दोन प्रश्न. माझ्याकडे ग्रबची यादी दिसतच नाही, थेट लॉगिन येतं. आणि जुना कर्नल फक्त एकदाच सुरू करून बघायचा असेल तर?

दीपस्तंभ

यादी लपवलेली असते. यूईएफआयच्या मशीनवर सुरू होताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट. मी म्हणेन ती कायमच दिसू द्या. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_टाइमआउट_स्टाइल’ला ‘मेनू’ करा, ‘ग्रब_टाइमआउट’ला ५, आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’. अडचणीच्या वेळी ही पाच सेकंद फार मोलाची ठरतात.

एकदाच सुरू करायला ‘ग्रब-रीबूट’ आहे. पुढच्या एकाच बूटपुरता कर्नल निवडतो, त्यानंतर आपोआप नेहमीचा. मी नवा कर्नल असाच उलट्या बाजूने तपासतो: नेहमीचा म्हणून जुना ठेवतो आणि नवा एकदाच चालवून बघतो. मशीन अडकलं तर बटण दाबून बंद केलं तरी पुढचं बूट खात्रीच्या कर्नलवर होतं. दूरवरून चालवायच्या मशीनसाठी तर हे हवंच. त्यासाठी ‘ग्रब_डीफॉल्ट’ची किंमत ‘सेव्हड’ हवी आणि नेहमीचा कर्नल ‘ग्रब-सेट-डीफॉल्ट’ने नेमून द्यायचा. नेमताना ‘१>२’ असे यादीतले क्रमांक देऊ नका. नवा कर्नल आला की क्रमांक सरकतात आणि भलताच कर्नल निवडला जातो. ग्रबच्या सेटिंग फाइलीत प्रत्येक नोंदीची ओळख लिहिलेली असते, ती द्या.

‘/बूट’ बीटीआरएफएस या फाइलप्रणालीवर असेल तर मात्र ग्रबला बूट होताना तिथे लिहिता येत नाही, त्यामुळे ‘एकदाच’ची खूण पुसली जात नाही. तिथे यादीतून हातानेच निवडा.

टर्मिनलवाट

यात भर. जुन्या कर्नलवर परत आलात की न चाललेल्या बूटची नोंद लगेच काढून ठेवा: ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’. शेवटचा उणे एक म्हणजे आधीचं बूट. ही नोंद हातात असेल तर दोष कळवता येतो.

कळवताना दोन आकडे आवर्जून द्या: शेवटचा चांगला कर्नल कुठला आणि पहिला बिघडलेला कुठला. विकासकांना याहून उपयोगी माहिती क्वचितच मिळते. ‘/प्रॉक/सिस/कर्नल/टेन्टेड’ ही फाइलही बघा. ती शून्य नसेल तर कर्नलमध्ये बाहेरचं किंवा बंदिस्त मॉड्यूल चढलेलं असू शकतं, आणि मूळ प्रकल्पातले लोक त्याशिवाय दोष दिसतो का ते आधी विचारतील. तुम्ही दोन कर्नल ठेवले असतील तर हे दोन आकडे तुमच्याकडे आपोआप असतात. मला वाटतं राखीव कर्नलचा हाही मोठा उपयोग आहे, तुमच्या तक्रारीतून पुढच्या हजारोंचं मशीन वाचतं.

नवशिका

शेवटचं विचारतो. माझ्याकडे उबंटू २४.०४ आहे आणि आता ६.१४ चालतोय. तो एचडब्ल्यूई म्हणतात तो, बरोबर? त्यावर झोपेतून उठताना अडचण येते, ६.८ वर येत नाही. कायमचं ६.८ वर जाता येईल का?

कळफलक

हो. २४.०४ सोबत मूळ आलेला ६.८ हा जीए मार्ग, तो शेवटपर्यंत त्याच मालिकेत राहतो आणि दुरुस्त्या मिळत राहतात. एचडब्ल्यूई मार्ग नव्या हार्डवेअरसाठी, तो पुढे सरकत राहतो. २२.०४ वर तो ५.१९, ६.२, ६.५ असं करत ६.८ वर येऊन थांबला. २४.०४ वर ६.११, मग ऑगस्ट २०२५ च्या सुमाराला ६.१४. डेस्कटॉप इन्स्टॉलर सहसा एचडब्ल्यूईवरच टाकतो, त्यामुळे आपण तो निवडला नव्हता असं पुष्कळांना वाटतं.

तुमचं हार्डवेअर ६.८ वर पूर्ण चालत असेल तर जरूर जा. नवंकोरं मशीन असेल तर आधी वायफाय आणि ग्राफिक्स तपासा, कारण काही चिपांचे ड्रायव्हर ६.८ नंतरच आलेले आहेत.

आधी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक’. मग ग्रबच्या यादीतून ६.८ निवडून बूट करा आणि एक-दोन दिवस वापरा, झोपवून उठवून बघा. समाधान झालं की ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४’ आणि त्याची इमेज व हेडरची मेटापॅकेजं काढा. एवढ्यावर थांबू नका: ग्रब मोठा आकडाच उचलतो, म्हणून ६.१४ ची आकडेवाली पॅकेजं डिस्कवर आहेत तोवर मशीन त्यावरच सुरू होत राहील. ६.८ वर असतानाच ती काढा. चालू कर्नल काढायला गेलात तर पॅकेज यंत्रणा इशारा देते, तो आला तर ‘नाही’ म्हणा आणि ‘युनेम -आर’ पुन्हा बघा.

आणि ६.८ चा लगतचा आधीचा आकडा राहू द्या. दोन ६.८, तुमच्या ‘/बूट’मध्ये एवढे मावतील.

नवशिका

६.८ वर बूट केलं आहे. बाहेरचा मॉनिटर, ब्लूटूथ, वायफाय चाललं, झाकण लावून उघडलं तरी लगेच उठतंय. ६.१४ अजून दोन दिवस ठेवतो आणि मग काढतो. न उठण्याची नोंदही काढून ठेवली आहे, दोन्ही आकड्यांसकट कळवतो.